तुम्हाला तिथून काय दिसतंय?

सेसना १८८ हे शेतावर औषध फवारायचं विमान. एक इंजिन, एक खुर्ची, पिकाच्या डोक्यावरून दिवसभर फेऱ्या मारायच्या, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित. महासागर ओलांडायला ते कोणी बनवलेलं नाही. पण अमेरिकेत तयार झालेलं विमान ऑस्ट्रेलियात विकलं गेलं की गिऱ्हाइकापर्यंत पोचवावं तर लागतंच. मग जादा इंधन भरून, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उड्या घेत ते उडवत नेणारे वैमानिक असतात. या कामाला फेरी फ्लाइंग म्हणतात. बोलायला शेजारी कोणी नाही, आणि खाली दिवसभर पाणी.

अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेले जे (Jay) प्रोक्नाऊ डिसेंबर १९७८ मध्ये असंच एक विमान ऑस्ट्रेलियाकडे नेत होते. तशाच दुसऱ्या विमानात त्यांचा एक सहकारी होता. अमेरिकन सामोआतल्या पागो पागोहून निघताना सहकाऱ्याचं विमान उड्डाण घेतानाच कोसळलं. तो बचावला. प्रोक्नाऊ परत उतरले आणि दुसऱ्या दिवशी एकटेच निघाले. पुढचा मुक्काम नॉरफोक बेट.

(या प्रकरणाच्या तारखा वाचताना थोडा गोंधळ होतो. पागो पागो आणि नॉरफोक यांच्या मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते, त्यामुळे प्रोक्नाऊ निघाले ते एका तारखेला आणि हरवले ते दुसऱ्या. पुढचं सगळं घडलं तो दिवस न्यूझीलंडच्या हिशेबाने २२ डिसेंबरचा.)

पागो पागो ते नॉरफोक हे अंतर सुमारे २,७०० किलोमीटर. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या विमानाला तेरा-चौदा तास लागणार. एवढं उडून गाठायचं काय, तर साधारण आठ किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद जमिनीचा तुकडा. होकायंत्राने नेलेली दिशा वाऱ्यामुळे थोडीफार चुकतेच. शेवटच्या टप्प्यात ती चूक सुधारायला ऑटोमॅटिक डायरेक्शन फाइंडर, म्हणजे एडीएफ, असतो. जमिनीवरचा रेडिओ बीकन, म्हणजे खुणेचे संदेश सोडणारं केंद्र, जिकडे असेल तिकडे त्याचा काटा वळतो आणि वैमानिक काट्यामागे जातो.

बेट जिथे असायला हवं होतं तिथे प्रोक्नाऊ पोचले. तिथे पाणीच होतं.

त्यांनी ऑकलंडच्या नियंत्रण कक्षाला कळवलं. टाकीत इंधन भरपूर होतं, तेव्हा लगेच कोणी घाबरलं नाही. प्रोक्नाऊंनी इतर बेटांचे बीकन लावून पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की एडीएफच बिघडलेला आहे. यातली भयानक गोष्ट अशी, की काटा फिरत असतो, काहीतरी दाखवत असतो. उपकरण बंद पडलं तर माणूस सावध होतो. चालू असल्यासारखं दिसणारं नादुरुस्त उपकरण माणसाला आत्मविश्वासाने चुकीच्या दिशेला नेतं. आपण कुठे आहोत हे सांगणारी एकही गोष्ट आता त्यांच्याकडे उरली नव्हती. त्यांनी आणीबाणी जाहीर केली.

त्या पट्ट्यात मदत करू शकेल असं एकच विमान होतं. एअर न्यूझीलंडची फ्लाइट १०३, फिजीहून ऑकलंडला निघालेलं डीसी-१०. आत ८८ प्रवासी, नाताळ तीन दिवसांवर. कॅप्टन गॉर्डन वेट, फर्स्ट ऑफिसर आर्थर डोव्ही, फ्लाइट इंजिनियर गॉर्डन ब्रूक्स.

या घटनेबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात वेट यांच्या मोठ्या मनाचं कौतुक असतं आणि ते रास्तच आहे. मला मात्र हे प्रकरण वेगळ्या कारणासाठी अभ्यासण्यासारखं वाटतं. त्या संध्याकाळी मोठ्या मनाचा उपयोग दहा मिनिटांपुरता होता. बाकीचे तास भूमितीचे होते.

आधी ती दहा मिनिटं

ऑकलंडने विचारणा केली म्हणून वेट यांनी जायलाच हवं होतं असं नाही. विमानाचा प्रमुख म्हणून कॅप्टनचं पहिलं बांधलेपण आपल्या विमानातल्या माणसांशी असतं. त्या ८८ जणांनी ऑकलंडचं तिकीट काढलं होतं, समुद्रावर कोणाला शोधायला निघायचं नव्हे. वाट वाकडी करायची म्हणजे इंधन जाळायचं आणि अंधार पडेपर्यंत मोकळ्या समुद्रावर फिरत राहायचं. हे सगळं सापडण्याची खात्री नसलेल्या एका माणसासाठी. 'शक्य नाही' असं वेट म्हणाले असते तर त्यांना कोणी दोष देऊ शकलं नसतं.

दुसऱ्या पारड्यात एकच गोष्ट होती. आपण गेलो नाही तर तो माणूस जवळपास नक्की मरणार. रात्री, उघड्या समुद्रात, चाकं बाहेर असलेलं फवारणीचं विमान पाण्यावर उतरवणं म्हणजे काय हे कोणत्याही वैमानिकाला सांगावं लागत नाही.

इथे नवख्या माणसाला वाटतं की हा दया विरुद्ध कर्तव्य असा पेच आहे. मला ते तसं वाटत नाही. हो म्हणण्याआधी सोडवायचा प्रश्न साधा होता: आपल्या टाकीत किती आहे, त्यातलं ऑकलंडला पोचायला आणि राखीव ठेवायला किती लागेल, आणि उरलेल्यात किती वेळ मिळतो. ते उत्तर हातात असलेला कॅप्टन 'हो' म्हणतो तेव्हा तो ८८ जणांचा जीव दुसऱ्या कोणाच्या जिवासाठी पणाला लावत नसतो. ते गणित न करता हो म्हणणारा माणूस भला असेल, त्याच्या मागे बसून प्रवास करायची माझी तयारी नाही.

वेट स्वतः नेव्हिगेटरचं, म्हणजे विमानाची जागा आणि दिशा काढायचं, शिक्षण घेतलेले होते. योगायोग असा की प्रवाशांमध्येही एक कसलेले नेव्हिगेटर बसलेले होते, माल्कम फोर्सिथ. काय चाललंय हे कळल्यावर त्यांनी मदत देऊ केली. वेट यांनी ती घेतली.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण कॅप्टनच्या बाजूने पाहा. अडचणीच्या वेळी आपल्याच विषयातला दुसरा जाणकार कॉकपिटमध्ये येऊ देणं म्हणजे आपल्या हिशेबावर दुसऱ्याची नजर पडू देणं. 'माझं मी बघतो' हा सूर या पेशात त्या काळी चांगलाच मुरलेला होता. याच घटनेनंतर सहा दिवसांनी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइट १७३ चा कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतून पडला. इंधन संपत आल्याची जाणीव कॉकपिटमधल्या सहकाऱ्यांना होती, पण ती कॅप्टनपर्यंत पुरेशा जोराने पोचली नाही. चारही इंजिनं बंद पडली आणि दहा माणसं गेली. कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं आणि कसं ऐकावं याचं प्रशिक्षण आज जगभर सक्तीचं आहे. त्याची मुळं शोधताना या अपघाताचं नाव हमखास येतं. त्याच आठवड्यात दुसऱ्या गोलार्धातल्या एका कॉकपिटमध्ये हे सगळं कोणी न शिकवता चाललं होतं, त्याची नोंद मात्र 'बचाव' या खात्यात झाली.

सूर्य, हात आणि घड्याळ

परिस्थिती अशी. डीसी-१० ला आपण कुठे आहोत हे नेमकं ठाऊक होतं. त्यात जडत्वावर चालणारी नेव्हिगेशन यंत्रणा होती, जमिनीवरच्या कोणत्याही खुणेशिवाय अक्षांश-रेखांश सांगणारी. सेसनाला स्वतःबद्दल काहीच माहीत नव्हतं. जमिनीवरच्या रडारची नजर एवढ्या लांब समुद्रावर पोचत नाही. विमानातलं रडार ढग दाखवायला असतं, लहानसं विमान त्यात दिसत नाही. दोघांमध्ये एकच दुवा होता, लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ. एचएफच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून हजारो किलोमीटर जातात, म्हणून आवाज येतो. पण तो कुठून येतोय ते कळत नाही. काळोख्या घरात कोणीतरी हाक मारतंय, कुठल्या खोलीतून ते समजत नाही, तसं.

वेट यांनी प्रोक्नाऊंना सांगितलं की विमानाचं नाक सूर्याकडे करा आणि होकायंत्र काय दाखवतं ते सांगा. त्याच वेळी डीसी-१० चंही नाक सूर्याकडे वळवलं गेलं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर त्यांत काही अंशांचा फरक निघाला. सूर्य इतका दूर आहे की एकमेकांजवळ उभ्या असलेल्या दोन माणसांना तो एकाच दिशेला दिसतो. दिशेत फरक पडतोय याचाच अर्थ दोघांमध्ये बरंच अंतर आहे, आणि फरक कोणत्या बाजूचा आहे त्यावरून सेसना आपल्या दक्षिणेला आहे हे उमगलं.

मग दुसरं माप. हात सरळ समोर ताठ करा, बोटं आडवी धरा आणि क्षितिजापासून सूर्यापर्यंत किती बोटं बसतात ते मोजा. ताठ हाताच्या टोकाला असलेलं एक बोट डोळ्यापाशी साधारण दोन अंशांचा कोन करतं. हात लांब असलेल्या माणसाची बोटंही सहसा जाड असतात, त्यामुळे माणूस बदलला तरी हे माप फारसं बदलत नाही. नेव्हिगेटर एरवी जे काम सेक्स्टंट या उपकरणाने करतो ते इथे तळहाताने करायचं होतं. एक अंश म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर ६० नॉटिकल मैल, म्हणजे १११ किलोमीटर. तेव्हा एका बोटाची चूक म्हणजे दोनशेहून जास्त किलोमीटरची चूक. शिवाय उंचावरून पाहताना क्षितिज खाली झुकलेलं दिसतं, दहा किलोमीटर उंचीवरून जवळपास तीन अंशांनी. ती वजावट केली नाही तर दोन विमानांची मापं एकमेकांशी जुळवण्यात अर्थ नाही.

सेसनातून सूर्य जास्त वर दिसत होता. दुपार कलल्यावर सूर्य ज्याला जास्त वर दिसतो तो जास्त पश्चिमेला. म्हणजे दक्षिणेला आणि पश्चिमेला. डीसी-१० नैर्ऋत्येकडे वळलं.

या मापाबद्दल मला एक गोष्ट सांगाविशी वाटते, ती माझी समजूत आहे, नोंद नव्हे. अनेक तास एकट्याने बसलेल्या, मृत्यूचा हिशेब करू लागलेल्या माणसाला 'घाबरू नका' म्हणून काही होत नाही. त्याला हात वर करून बोटं मोजायला सांगितलं की तो मोजू लागतो. त्याला कोणीतरी प्रश्न विचारलाय आणि उत्तर फक्त त्याच्याकडेच आहे. डीसी-१० मध्ये एवढी यंत्रसामग्री होती, पण हरवलेल्या विमानाची जागा काढायला लागणारं प्रत्येक निरीक्षण हरवलेल्या माणसालाच करावं लागणार होतं. इंजिनियर असो, डॉक्टर असो की वैमानिक, जाणकार माणूस मदतीला आला की सांगू लागतो. इथल्या माणसाने आधी विचारलं. एका वाक्यात सांगायचं तर, तुम्हाला तिथून काय दिसतंय?

आकाशातलं वर्तुळ

सूर्याच्या मापांनी दिशा बरोबर निघाली याचा पहिला पुरावा कानाला मिळाला. सेसना व्हीएचएफ रेडिओवर ऐकू येऊ लागलं. व्हीएचएफच्या लहरी सरळ रेषेत जातात, क्षितिजाआड वळत नाहीत. तेहतीस हजार फुटांच्या आसपास उडणाऱ्या विमानाला त्या साधारण २०० नॉटिकल मैलांपर्यंत ऐकू येतात. आवाज आला म्हणजे सेसना त्या वर्तुळाच्या आत कुठेतरी आहे.

कुठेतरी. चारशे मैल व्यासाच्या वर्तुळात.

पुढे जे करून पाहिलं त्याची युक्ती शाळेत भूमिती शिकलेल्या प्रत्येकाला येते, फक्त ती विमान उडवत करायची असते. हरवलेलं विमान हा केंद्रबिंदू धरा. त्याचा आवाज जिथवर येतो ती सीमा म्हणजे वर्तुळ. मोठं विमान सरळ उडत जातं, आवाज जिथे सुरू झाला आणि जिथे तुटला त्या दोन जागा नकाशावर टिपतं. ती झाली जीवा. जीवेचा लंबदुभाजक वर्तुळाच्या केंद्रातून जातो. मग वळून दुसरी जीवा काढायची. दोन लंबदुभाजक जिथे छेदतात तिथे तो माणूस. कागदावर हे दोन मिनिटांत होतं. आकाशात एकेका जीवेला बराच वेळ जातो, सीमेवर आवाज एकदम तुटत नाही तर खरखरत विरत जातो, आणि तेवढ्या वेळात सूर्य खाली जात असतो.

सूर्य खाली जातोय हेच पुढचं माप ठरलं. क्षितिजाआड सूर्य नेमका कधी गेला ती वेळ प्रोक्नाऊंनी सांगायची. नॉरफोक बेटावरही कोणीतरी सूर्यास्ताची वेळ टिपायची. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे एक अंश रेखांशाला चार मिनिटं. प्रोक्नाऊंचा सूर्यास्त नॉरफोकच्या आधी झाला, फरक साडेबावीस मिनिटांच्या घरातला. बावीस-साडेबावीस मिनिटांचे होतात साडेपाच अंशांच्या वर. त्या अक्षांशावर एक अंश म्हणजे ५० नॉटिकल मैलांहून थोडं जास्त. म्हणजे सेसना नॉरफोकच्या पूर्वेला तीनशे नॉटिकल मैलांच्या आसपास होतं, सव्वापाचशे-साडेपाचशे किलोमीटर.

सूर्यास्ताची ही वेळ एकदाच मिळते. ती चुकली तर पुन्हा मोजायला दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते, आणि प्रोक्नाऊंच्या टाकीत दुसरा दिवस नव्हता. आणखी एक गोष्ट वाचताना निसटून जाते. या मापासाठी बेटावरच्या माणसाचीही गरज होती. नॉरफोकवर घड्याळ धरून समुद्राकडे बघत उभं राहिलेलं जे कोणी असेल त्याचं नाव या कथेत सहसा येत नाही.

आता अंधार पडला होता. जागेचा बऱ्यापैकी अंदाज होता, पण नेमकी जागा हाती नव्हती, आणि नॉरफोकपर्यंत जायला सेसनाला दोन-तीन तास उडावं लागणार होतं. मग प्रोक्नाऊंना खाली एक दिवा दिसला. तो निघाला पेनरॉड नावाचा, समुद्रातून ओढत नेला जात असलेला तेलविहिरीचा तराफा. ज्याला नेलं जातंय त्याचं स्थान नेणाऱ्यांना ठाऊक असतं. रेडिओवरून ते मिळालं आणि केलेल्या हिशेबाशी जुळलं. तिथून नॉरफोककडची दिशा सांगता येत होती, आणि उरलेल्या इंधनात ते अंतर बसण्याजोगं होतं.

पागो पागो सोडल्यापासून २३ तास ५ मिनिटांनी प्रोक्नाऊ नॉरफोकच्या धावपट्टीवर उतरले. निघताना टाकीत जे इंधन होतं त्यात एवढे तास उडता येईल अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

'तो तराफा दिसला नसता तर?' हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. खरं आहे, नशीब होतंच. पण मोकळ्या समुद्रावर भरकटत फिरणाऱ्या माणसाला दिवा दिसणं आणि कुठे शोधायचं ते शे-दोनशे मैलांपर्यंत बांधून दिलेल्या माणसाला दिवा दिसणं, यांत मी फरक करतो. दिव्याने हिशेबाला दुजोरा दिला. हिशेब आधी झालेला होता.

दाखल्यावरचा शब्द

गिल्ड ऑफ एअर पायलट्स अँड एअर नॅव्हिगेटर्स या ब्रिटिश संस्थेने वेट यांना जॉन्स्टन मेमोरियल ट्रॉफी दिली. डीसी-१० बनवणाऱ्या मॅकडोनेल डग्लस कंपनीने चालकदलाला प्रशस्तिपत्र दिलं. त्यात करुणा, निर्णयशक्ती आणि वैमानिकी कौशल्य या तिन्हींच्या सर्वोच्च दर्जाचा उल्लेख आहे. याच क्रमाने. विमानं बनवणाऱ्या कारखान्याने कौशल्याच्या आधी करुणा लिहावी याचं मला अजून नवल वाटतं. कोणी मसुदा केला कोण जाणे, पण त्याला प्रकरण कळलं होतं. करुणा आधी आली म्हणूनच हाताची बोटं मोजायचं कौशल्य बाहेर काढायची वेळ आली. कोणाचा जीव जाणार नसता तर डीसी-१० सारख्या विमानात बसून तळहाताने सूर्य मोजायचं कोणाला सुचलं असतं?

हे प्रकरण इथे संपवता येतं आणि बहुतेक ठिकाणी संपवलेलं दिसतं. मला ते तिथे संपतं असं वाटत नाही, कारण अकरा महिन्यांनी तोच प्रश्न वेट यांना पुन्हा विचारावा लागला, आणि या वेळी उत्तर द्यायला रेडिओवर कोणी नव्हतं.

२८ नोव्हेंबर १९७९ ला एअर न्यूझीलंडचं दुसरं एक डीसी-१०, फ्लाइट ९०१, अंटार्क्टिकावरच्या पर्यटन उड्डाणात माउंट एरेबस या पर्वताच्या उतारावर आदळलं. २५७ पैकी एकही जण वाचला नाही. कॅप्टन होते जिम कॉलिन्स. फ्लाइट इंजिनियरच्या खुर्चीत होते गॉर्डन ब्रूक्स. प्रोक्नाऊंना शोधताना वेट यांच्या कॉकपिटमध्ये होते, तेच.

१९८० मध्ये अधिकृत तपासाने मुख्य दोष वैमानिकांवर ठेवला. समोर ३,७९४ मीटर उंचीचा डोंगर असताना अनुभवी माणसं स्वच्छ हवेत, ढगांच्या खाली, त्यावर विमान नेतात, हे ऐकणाऱ्याला दुसरं काही सुचणंही कठीण होतं. मेलेल्या सहकाऱ्यांची बाजू घेणं सोपं असतं, 'ते असं करणारे नव्हते' म्हटलं की झालं. वेट यांनी ते केलं नाही. एअरलाइनच्या भूमिकेच्या विरोधात जाऊन त्यांनी तपशिलाने शोध घेतला की त्या खुर्च्यांवरून बाहेर नेमकं काय दिसत होतं.

उत्तराचे दोन भाग होते. पहिला, ज्या जडत्वीय यंत्रणेने वेट यांना प्रशांत महासागरावर आपण कुठे आहोत ते अचूक सांगितलं होतं, तसल्याच यंत्रणेत कॉलिन्स यांच्या उड्डाणाआधीच्या रात्री शेवटच्या टप्प्याचे आकडे बदलले गेले होते आणि चालकदलाला ते कोणी सांगितलं नव्हतं. आपण मॅकमर्डो साउंड या गोठलेल्या आखाताच्या सपाट बर्फावरून जातोय असं त्यांना वाटत होतं. मार्गाची रेषा प्रत्यक्षात २७ नॉटिकल मैल सरकून एरेबसवर गेली होती. दुसरा भाग, वर ढगांचं सलग छत आणि खाली बर्फ असेल तर उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली पडत नाही, आणि समोर चढत गेलेला पांढरा उतार डोळ्यांना दूरवर पसरलेल्या सपाटीसारखा दिसतो. त्याला सेक्टर व्हाइटआउट म्हणतात. हवा स्वच्छ असते, मैलोन्मैल दिसतंय असं वाटतं, आणि जे दिसतं ते आधी मनात असलेल्या नकाशाशी बिनचूक जुळतं. एडीएफच्या त्या काट्यासारखंच, चालू असल्यासारखं.

न्यायमूर्ती पीटर मेहन यांच्या चौकशी आयोगाने १९८१ मध्ये अपघाताचं प्रमुख कारण चालकदलाला न कळवता बदललेले ते आकडे असल्याचं सांगितलं आणि वैमानिकांना दोषमुक्त केलं. आयोगाच्या इतर निष्कर्षांवरून पुढे न्यायालयात बरंच काही झालं, तो वेगळा विषय आहे. २०१९ मध्ये, चाळीस वर्षांनी, न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सरकारच्या वतीने मृतांच्या कुटुंबीयांची माफी मागितली.

कॉकपिटमधल्या आवाजाच्या ध्वनिफितीत शेवटच्या मिनिटात ब्रूक्स म्हणतात की मला हे आवडत नाहीये. सहाएक सेकंदांत कॉलिन्स यांनी इथून वर चढावं लागेल असं म्हटलेलं ऐकू येतं. इंजिनियर बोलला आणि कॅप्टनने ऐकलं. पोर्टलंडला जे घडलं नव्हतं ते इथे घडलं होतं, पण हातात वेळ उरला नव्हता. थोड्याच वेळात जमीन जवळ आल्याचा इशारा वाजू लागतो. ब्रूक्स उंची वाचून दाखवतात, पाचशे फूट, मग चारशे. कॉलिन्स इंजिनांची पूर्ण ताकद मागतात, आणि वाक्याच्या शेवटी 'प्लीज' म्हणतात.